हापशाचं पाणी आणि माझा वजू

चहा घ्या आधी, गार होतोय. सांगते सगळं, पण मध्येच हसायचं नाही. तुम्हाला आज गंमत वाटेल. मी मात्र ते दिवस असे काढलेत की लग्नात मापानं भरलेल्या बांगड्या हात वर केला की कोपरापर्यंत जायच्या. भीतीनं माणूस वाळतं म्हणतात, ते खोटं नाही.

आणि भीती कशाची? नवऱ्याच्या हाताची.

थांबा, लगेच भलतं समजू नका. सासरच्या वडीगोद्रीनं समजून घेतलं तेवढं पुरे आहे.

मी मुळातच कमी बोलणारी. शाळेत बाईंनी माझ्या माला, म्हणजे आईला, सांगितलं होतं, "शमीम बोलत नाही, पण नजर बारीक आहे. तिच्यापासून काही सुटत नाही." हे प्रमाणपत्र मी फार जपून ठेवलं होतं. घरातल्यांच्या सगळ्या लकबी मला पाठ. बाबा सुपारी कुठल्या दाढेनं फोडतात, मा त्यांना चहा देताना ओढणीचं टोक हातावर कसं घेते, आजी तस्बीहची माळ ओढता ओढता नेमकी कधी पेंगते, सगळं टिपलेलं.

आमचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. तिथून मी वडीगोद्रीला आले ती मामाच्या कृपेनं. मामाचा आंब्याचा ट्रक वडीगोद्रीच्या फाट्यावर बंद पडला. भर उन्हात एक पोरगा ट्रकखाली आडवा झाला, काळाकुट्ट होऊन बाहेर आला आणि ट्रक सुरू झाला. मामानं तिथल्या तिथं ठरवलं, भाचीला हाच बरा. आंबे वाचले, मी गेले.

तर हा पोरगा, म्हणजे आमचे हे, इलियास. फाट्यावर ट्रॅक्टर आणि ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान. तेही कमी बोलणारे. दोन मुक्यांचं लग्न लावलं तर घरात शांतता नांदते असं लोकांना वाटतं. शांतता नांदते खरी, पण तिच्या पोटात काय काय शिजतं ते विचारू नका.

निघताना मा कानात म्हणाली, "सासरी होता होईल तो वजूत राहा. वजूत शिजवलेल्या अन्नाला बरकत असते." वजू म्हणजे नमाजआधी हात, तोंड, पाय धुऊन पाक होणं. एकदा केला की टिकतो, पण काही गोष्टींनी तो तुटतो आणि मग पुन्हा करावा लागतो. त्यातली एक गोष्ट आम्हाला लहानपणापासून शिकवलेली: नवरा-बायकोच्या हाताला हात लागला की वजू गेला. दोघांचाही.

आता विचार करा. नवी नवरी, वजूत राहायचा हुकूम, आणि घर एवढंसं की नवऱ्याला वळसा घालून जायला गल्लीतून फिरून यावं लागेल.

पहिल्या सकाळी यांना चहा दिला. बोटाला बोट लागलं. गेला वजू. मी ग्लास सोडून मोरीत पळाले. थोड्या वेळानं यांनी रिकामा ग्लास परत दिला. पुन्हा बोट, पुन्हा मोरी. तिसऱ्यांदा मी शहाणी झाले. ग्लास उंबऱ्यावर ठेवायचा आणि मागं सरकायचं. ताट जमिनीवरून ढकलायचं. टॉवेल दोरीवर टाकायचा. दुकानाची किल्ली मागितली की लांबून फेकायची. एकदा ती वांग्याच्या रश्श्यात पडली. यांनी काही न बोलता चमच्यानं काढली, पुसली आणि गेले.

मला वाटलं, किती समजूतदार माणूस आहे. वजूची काळजी यांनाही आहे.

विचारावं कुणाला? सासूबाई, म्हणजे अम्मा, दिवसभर घरात. माझी उर्दू ऐकून पहिल्याच दिवशी त्यांनी कपाळाला हात लावला होता आणि "राहू दे गं, मराठीतच बोल" म्हणाल्या होत्या. त्यांना असलं काही विचारायची माझी छाती नव्हती. आणि सासरे, अब्बा, नुसते खाकरले तरी मी हातातलं काम टाकून उभी राहायचे.

त्यात पाणी. आमच्याकडं विहिरीत वाकलं की पाणी. इथं उन्हाळ्यातला हापसा म्हणजे दम्याचा पेशंट. खूप वेळ खोकायचा, मग घोटभर द्यायचा. हे पहाटे सायकलला दोन्ही बाजूंनी डबे लटकावून जायचे, तासाभरानं भरून आणायचे. मी डबा घ्यायला पुढं व्हायचे, डब्याच्या कडीवर हाताला हात लागायचा, माझा वजू जायचा, त्यांनी आणलेलं पाणी मी त्यांच्यासमोरच वजूला वापरायची, आणि ते मुकाट्यानं पुन्हा सायकल काढायचे.

अम्मा बघायच्या. एक दिवस रांजणात डोकावून म्हणाल्या, "समुंदराकाठची पोर तू, बराबर हाय. पर आपली म्हैस बी एवढं पाणी संपवत न्हाई."

मी मान खाली घातली. म्हशीशी तुलना झाली आणि त्यात मी हरले.

पुढं यांचं एक नवीनच सुरू झालं. दुकानातून आले की अंगणात बसून हात धुवायचे. आधी रॉकेलनं, मग कपड्याच्या पावडरीनं, मग लिंबू, मग चक्क विटेचा तुकडा घेऊन घासायचे. वहाणेचा तळवा घासावा तसे. मी स्वयंपाकघरातून बघायची आणि माझा ऊर भरून यायचा. केवढी पाकी. केवढी दीनदारी, धर्माची केवढी चाड.

आणि मग पुरावाच मिळाला. एकदा यांनी वजू केला आणि टॉवेलसाठी हात पुढं केला. मी चुकले, बोटं लागली. यांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं, परत गेले आणि पुन्हा वजू केला. झालं की नाही? म्हणजे इथंही हाच नियम. मी इतके दिवस करत होते ते सोळा आणे बरोबर. बाईंचं प्रमाणपत्र आठवलं. नजर बारीक आहे माझी.

एक सांगते, तुम्ही आपल्याच म्हणून. रात्रीची, इशाची शेवटची नमाज झाली की माझी काही हरकत नव्हती. पण मी नमाज उरकून येईपर्यंत हे अंगणात बाज टाकून पाठ करून झोपलेले असायचे. मला वाटायचं, दमत असतील. डबे काय कमी ओढायचे?

शेजारी गोदाकाकू. आमच्या आणि त्यांच्या अंगणात कमरेएवढी भिंत, आणि गोदाकाकूंची कंबर कायम त्या भिंतीला टेकलेली. त्या अम्माला म्हणाल्या, आणि मी चुलीपाशी ऐकलं, "भाबी, सून कामून अशी करून राह्यली? नवरा जवळ आला की इंगळी डसल्यावानी उडती."

"नवी हाय," अम्मा म्हणाल्या.

"नव्या आमी बी व्हतो की. लाजायची रीत येगळी आसती. हे लाजणं न्हाई, भेणं हाय."

अम्मा भिंतीजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "अजून एक सांगू का? अजान व्हायच्या आधीच अस्रच्या नमाजला उभी राह्यती. रोज. म्या इचारलं तर म्हणती, वेळ झाली. तिला कुटली अजान ऐकू येती?"

चुलीपुढं बसून मला थंडी वाजली. आमच्या गावी उन्हाची सावली एवढी झाली की तिसऱ्या प्रहराची, अस्रची अजान व्हायची. इथं खूप उशिरा होते, हे दिसत होतं, पण मला वाटायचं इथल्या मशिदीतलं घड्याळ मागं असेल. नव्या सुनेनं मशिदीच्या घड्याळाला नाव ठेवायचं?

आणि मग तो विंचू.

त्या दिवशी हापशाचा दांडाच तुटला होता. रांजणाच्या तळाशी होतं ते पाणी तांब्यात घेऊन मी वजू केला आणि जपून, अंग चोरून, अंगणात घराच्या भिंतीशी उभी राहिले. हे मागून आले. माझ्या खांद्याजवळ भिंतीवर विंचू होता. दुसरा कुणी असता तर ओरडला असता. आमच्या यांनी तोंड उघडलं नाही, मनगट धरलं आणि खसकन ओढलं.

"सोडा मला!" मी किंचाळले. "गेलं, सगळं गेलं माझं! आता मी काय करू?"

त्यांनी मनगट असं सोडलं, जसा चटकाच बसला. वहाण काढून विंचू मारला, वहाण पायात घातली आणि दुकानाकडं निघून गेले. विंचू मला नंतर दिसला, मेलेला.

पाण्याचा थेंब नाही आणि नमाज समोर. अशा वेळी धर्मात सोय आहे, तयम्मुम. धुळीवर तळवे टेकायचे आणि चेहऱ्यावरून, हातांवरून फिरवायचे. मी मातीच्या भिंतीवर दोन्ही हात आपटले, तोंडावरून फिरवले आणि वर बघितलं. अंगणाच्या भिंतीपलीकडं गोदाकाकू. कुरडया वाळत घालता घालता हात हवेत राहिलेला.

त्या काय समजल्या ते सांगायला पाहिजे का? "भाबी, नवऱ्याला म्हणती सोड मला, माझं सगळं गेलं. आन मंग तोंडाला माती फासून घेतली. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं. पोरीला बाहेरचं हाय."

संध्याकाळपर्यंत घरातले सगळे कुजबुजत बोलायला लागले. मी आत गेले की गप्प. अब्बा एसटीडीच्या दुकानातून कुठंतरी फोन करून आले आणि मी दारामागून एवढंच ऐकलं, "तिच्या वालीदला बोलावलंय. मशिदीतल्या हाफिजसाहेबांना बी बोलावतो. पोरीच्या मनात नसंल तर मोकळं करू तिला. आपल्या घरात कुणी रडत ऱ्हायला नको."

मोकळं करू.  पाण्यापायी मला माहेरी धाडणार. तलाक, आणि कारण काय? तर रांजण. गावात तोंड कसं दाखवू? बाबांना कोण विचारणार नाही, पोरीनं काय केलं? आणि खरं सांगू, तोवर मला तो मुका, हात घासत बसणारा माणूस आवडायला लागला होता. त्याच्यापासून जावं लागणार म्हटल्यावर ते मला पहिल्यांदा नीट कळलं.

मग मी काय केलं? पाणी वाचवायला सुरुवात केली. प्यायचंच बंद केलं जवळजवळ. अम्मांनी पेला पुढं केला की "नको" म्हणून मागं सरकायची.

भिंतीवरून लगेच निदान आलं. "बघा, आता पाण्याला बी भेती. बाहेरचं असलं की पाणी सोसत न्हाई त्याला."

बाबा आले ते रात्रभर एसटीत बसून. डोळे लाल, हातात करंडी. त्यात सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, आणि घाण्यावरच्या खोबरेल तेलाची बाटली. पोरीच्या सासरी संकटात जायचं तरी रिकाम्या हातानं कसं जायचं? सोड्याच्या वासानं अम्मांनी नाकाला पदर लावला. मला वाटलं, संपलं. पाणी होतंच, त्यात आता वास.

"काय झाला गो?" बाबांनी विचारलं. मला हुंदकाच आला. तो बघून बाबा मटकन बाजेवर बसले.

पुढच्या खोलीत बैठक बसली. हाफिजसाहेब, अब्बा, बाबा, आणि कोपऱ्यात हे, दोन्ही हात मांडीखाली दाबून. दाराला पडदा, पडद्याआड मी आणि अम्मा. भिंतीला गोदाकाकू असणारच.

अम्मा आतूनच म्हणाल्या, "हाफिजसाहेब, आधी पोरीवर काहीतरी पढून फुंका."

"फुंकायचं नंतर," अब्बा खाकरले. मी सवयीनं उभी राहिले. "आधी इचारा, लग्न मर्जीनं झालं का जबरदस्तीनं."

हाफिजसाहेबांचा आवाज मऊ होता. "बेटी, घाबरू नको. हे लग्न तुला कबूल होतं ना?"

"कबूल होतं," मी म्हणाले. "आताही कबूल आहे. मी पाणी कमी वापरीन."



"पाण्याचा काय संबंध?" अब्बांनी विचारलं.

"रांजण संपतो म्हणून तुम्ही मला घालवताय ना? मी आता पीतसुद्धा नाही."

अम्मांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, वेगळंच. "अगं ए पोरी, पाण्यावरून कुणी सून घालवतं का? तू नवऱ्याला हात लावू देत न्हाईस, त्याचं बोल."

आता आली का पंचाईत? बाप बसलाय, सासरा बसलाय, हाफिजसाहेब बसलेत, आणि मला यावर बोलायचंय. मी भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाले, "हात लागला की वजू जातो ना. मग पुन्हा करावा लागतो. म्हणून पाणी लागतं."

इतकी शांतता की म्हैस रवंथ करताना ऐकू आली.

"जातोच की," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात जीव परत आला होता. "त्यात काय इचारायचा?"

"कसा जातो?" अब्बा म्हणाले. "उभी हयात हिच्या हातून टोपी घेऊन मशिदीत गेलोय मी."

बाबांनी अब्बांकडं असं बघितलं असावं की यांच्या हयातभराच्या नमाजा आता कोण फेडणार. कारण अब्बांचा आवाज चढला, "काय बघता? इचारा हाफिजसाहेबांना."

हाफिजसाहेब आधी हसले, पोटभर. मग म्हणाले, "दोघं बी बराबर. तुमच्याकडं शाफई मजहब, म्हंजे पंथ, आमच्याकडं हनफी. दोन्ही हक, दोन्ही खरे. त्यांच्यात नुसत्या स्पर्शानं वजू तुटतो, आपल्यात तुटत न्हाई. अस्रची वेळ बी त्यांची आधी लागते, आपली नंतर. पोरीनं काहीच चुकीचं केलेलं न्हाई. कुणी सांगितलं न्हाई तिला, आन तिनं इचारलं न्हाई. बस."

म्हणजे मशिदीचं घड्याळ बरोबर होतं.

पण मला एक पटेना. भीती ओसरली की माणसाला तोंड फुटतं. मी पडद्याआडूनच म्हणाले, "मग माझा हात लागल्यावर हे का वजू करत होते? मी बघितलंय."

"इलियास?" हाफिजसाहेबांनी विचारलं.

 यांनी हळूच हात मांडीखालून काढले असावेत, कारण बाबांच्या तोंडून "या अल्ला" निघालं. मी पडदा बाजूला केला. रीत गेली खड्ड्यात. तळहाताला भेगा, बोटांची सालं निघालेली, सांध्यांवर रक्त.

"रक्त वाहिलं की वजू जातो," हे जमिनीकडं बघत म्हणाले. "म्हून करत व्हतो परत."

"रक्तानं कुठं वजू जातो?" मी आणि बाबा एकदमच म्हणालो.

"आमच्यात जातो," अब्बा म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज जिंकल्यासारखा होता.

"पण रक्त निघेपर्यंत हात घासायचे कशाला, बेटा?" हाफिजसाहेबांनी विचारलं.

यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. "मला वाटलं, ऑइलचा वास येतो हाताला. काळे हात. म्हून ही लांब पळून राह्यली. हात सुधरले तर थांबंल."

  ज्याला मी पाकी म्हणत होते, दीनदारी म्हणत होते, ते एवढंच होतं.

निकाल लागला. हिनं हिचं पाळावं, त्यानं त्याचं. फुंकण्याची गरज नाही. अम्मांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली, "म्हंजे पाणी तेवढंच लागणार?"

त्या दुपारी मी बाबांच्या बाटलीतलं खोबरेल यांच्या हातांना लावलं. सावकाश, भेगेभेगेला. दुपारची नमाज झालेली होती, अस्रला वेळ होता. तरीही वजू गेलाच, जाऊ दे म्हटलं. तेल लावून झालं तेव्हा हे उठले, सायकलला डबे बांधले आणि म्हणाले, "हापशाचा दांडा नीट केलाय म्या. आणतो पाणी." लग्नानंतर ते माझ्याशी बोललेलं सगळ्यात लांब वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना फाट्यावर सोडायला आम्ही दोघं गेलो. टपरीवर चहा घेतला. यांनी एक ग्लास माझ्यापुढं केला आणि मग आठवण होऊन बाकड्यावर ठेवायला वळले.

बाबा बघत होते. म्हणाले, "गो, तुला ओढणी नाय काय?"

"आहे की."

"मग ती हातावर घे नि ग्लास घे. कातडीला कातडी लागली तर वजू जातो. मध्ये कपडा असला तर काय एक होत नाय. तुजी मा नाय काय करत? लगीन झाल्यापासून मला चाय देते ती ओढणीतूनच. तू बघितलंस ना?"

बघितलं होतं. रोज बघितलं होतं. ओढणीचं टोक, त्याची घडी, बोटांवर ते कसं बसतं, सगळं.

"मला वाटायचं," मी म्हणाले, "चहा गरम असतो म्हणून."

हे हसले. लग्न झाल्यापासून मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. टपरीवाल्यानंही वळून बघितलं. बाबा हसत हसत एसटीत चढले आणि खिडकीतून हात हलवत गेले.

घरी परतताना अर्ध्या वाटेत माझे पाय थांबले. ईदला, उन्हाळ्यातल्या ईदला, मा बाबांना बर्फ घातलेलं सरबत द्यायची. तेही ओढणीतूनच.

बाई म्हणायच्या, शमीमची नजर बारीक आहे.